केबलच्या पाठीवर बसलेल्या महाशयांस

प्रति,
श्रीमान कॉमन मोड करंट,
मुक्काम कोॲक्सच्या जाळीची बाहेरची बाजू, गच्ची ते रेडिओची खोली.



पत्रास कारण की, सांगलीच्या मित्राचा आवाज साताऱ्यात आमच्याकडे येता येत नाही आणि घरातल्या एलईडी बल्बचा मात्र खणखणीत येतो. ही आपलीच कृपा.

आपण कधी समोर येत नाही, म्हणून वाचकांना ओळख करून देतो. आम्ही हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम मंडळी, ४० मीटरच्या बँडवर ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो. त्यासाठी गच्चीवर डायपोल टांगतो. दहा-दहा मीटरच्या दोन तारा आणि मधोमध जोडलेली कोॲक्स केबल, एवढाच पसारा. केबलमध्ये एक प्रवाह मधल्या तारेवरून जातो, दुसरा तिच्याभोवतीच्या जाळीच्या आतल्या अंगाने. दोघे सारखे आणि उलट दिशेचे, म्हणून केबल स्वतः गप्प राहते. वर पोचल्यावर मात्र जाळीच्या आतल्या प्रवाहाला दोन वाटा फुटतात. एक डायपोलच्या तारेत शिरते. दुसरी जाळीच्या टोकाला वळसा घालून बाहेरच्या अंगाने थेट आमच्या घरात उतरते, आणि तिथेच आपण पथारी पसरली आहे. सात मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्यात मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकाच खोल जातो. त्यामुळे एकाच जाळीच्या आतली आणि बाहेरची बाजू म्हणजे दोन निराळ्या तारा. झाला आमचा डायपोल तीन पायांचा! तिसऱ्या पायाची ऑर्डर कोणी दिली होती?

घर निवडण्यात आपला हात कोणी धरणार नाही. दुमजली घर, गच्चीवर खांब, तळाशी अर्थिंग. खांबाच्या टोकापासून अर्थिंगपर्यंत केबल भरते वीस मीटर. सात मेगाहर्ट्झला ही जवळपास अर्धी तरंगलांबी, म्हणजे खालच्या अर्थिंगचा कमी इंपीडन्स जवळजवळ जसाच्या तसा वर डायपोलपाशी हजर. आपल्यासाठी पायघड्याच की. आणि डायपोल तरी कसा? एक टोक पाण्याच्या टाकीजवळ, दुसरं शेजारच्या नारळाला. दोन्ही बाजू सारख्या असाव्यात असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्याला बहुधा मोकळं माळरान मिळालं असावं.

आम्हाला हवेत शब्द सोडायचा तर परीक्षा द्यावी लागते, दिल्लीहून परवाना आणि कॉलसाइन मिळवावं लागतं. आपण विनापरवाना प्रसारण करता, तेही आमच्याच पॉवरवर. वर माइकला ओठ लागले की चटका देता. बोलायला लागलो की हॉलमधला स्पीकर बडबडतो आणि घरचे आमच्याकडे बघतात, आपल्याकडे नाही. रिसीव्हरवर तर आपली खरी सेवा. मोबाइलचा चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, पंख्याचा रेग्युलेटर, सगळ्यांची कुरकुर गोळा करून आपण गच्चीपर्यंत नेता आणि डायपोलपाशी आत सोडता. आम्ही मात्र चौकातल्या डीपीकडे बोट दाखवतो.

एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे केबल आणि अँटेनाचा मेळ मोजणारा काटा, आपला सर्वात जुना वकील. तो १.२ दाखवतो आणि आमच्यातले भलेभले म्हणतात, मॅच झालंय, बालुन (केबल आणि डायपोलच्या सांध्यावर आपल्याला अडवायला लावायचा डबा) कशाला? तो सांगतो ते फक्त केबलच्या आतलं. पण एका जागी आपण पकडले जाता. केबल दोन मीटर कापली, किंवा नुसती हातात धरली, की काटा हलतो. केबलमधली घट सोडली तर लांबी बदलल्याने एसडब्ल्यूआर हलायचं काहीच कारण नाही. तो हलला याचा अर्थ आपण जाळीवर आहात. गंमत म्हणजे आमचे लोक हा पुरावा बघतात आणि मीटर जमेपर्यंत केबल कापत बसतात.

हे सगळं हौसेपुरतं असतं तर दुर्लक्ष केलं असतं. पण संकटात हीच हौस कामी यायची असते. सातारा ते सांगली रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. व्हीएचएफचा हँडसेट एवढ्या लांब थेट पोचत नाही. चाळीस मीटरवर बुटका डायपोल लहरी जवळजवळ सरळ वर फेकतो आणि भरदिवसा आयनांबर त्या डोंगरापलीकडे उतरवतं. आम्हाला हीच वाट हवी. उभी केबल मात्र आपल्या कृपेने आडवी, जमिनीलगत पॉवर उधळते. ती सांगलीला काय कामाची? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा नदी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ असताना. साताऱ्याकडे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आहे. अशा दोन जिल्ह्यांत, मोबाइल मुका झाला की चालेल असं काहीतरी हाताशी हवं. त्या वेळी आपल्या एलईडी बल्बचं मनोगत ऐकायला कोणी बसणार नाही.

बाजारातली बंद डबी, वर 'बालुन' लिहिलेली, तिला आपण भीक घालत नाही हे ठाऊक आहे. तिच्यात बहुधा व्होल्टेज बालुन असतो आणि तो दोन्ही तारांना सारखं व्होल्टेज देतो. नारळामुळे तारा सारख्या नसल्या की प्रवाहातली तफावत आपल्याच पदरात पडते. आपलं खरं वाकडं आहे चोकशी. ग्वानेल्ला नावाच्या स्विस इंजिनिअरने १९४४ सालीच ही युक्ती छापली होती. ३१ क्रमांकाच्या मिश्रणाची, साठ मिलिमीटरची फेराइट रिंग घ्यायची आणि कोॲक्सचेच दहा-बारा वेढे तिच्यातून काढायचे. आतल्या दोन प्रवाहांची चुंबकक्षेत्रं एकमेकांना खोडतात, रिंगेला त्यांचा पत्ताही लागत नाही. आपण एकटे. आपल्यापुढे हजारो ओहमची भिंत, आणि फेराइट आपली मिजास उष्णतेत जिरवतं.

पहिली रिंग डायपोलच्या मध्यावर चढली आहे, वायरमनच्या जंक्शन बॉक्समध्ये, पाऊस शिरू नये म्हणून तोंडाला एम-सील. दुसरी केबल घरात शिरते तिथे बसेल, कारण खालून चढणारी बल्बमंडळी वरच्या रिंगेपर्यंत तरी का जावीत? सांगलीच्या मित्रानेही रिंगा मागवल्या आहेत. चार्जर, रेग्युलेटर आणि अडॅप्टर या आपल्या आश्रितांची सोय आपणच बघावी.

आपला,
एक डायपोलधारक, सातारा