बेस कॅम्पची सर्वसाधारण सभा

नगर रोडला राहणाऱ्या माणसाला गिर्यारोहणाचं वेगळं प्रशिक्षण लागत नाही, असं आमच्या वाघोलीच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांचं ठाम मत आहे. संध्याकाळच्या गर्दीत खराडी बायपास ते केसनंद फाटा हे अंतर जो डोकं शाबूत ठेवून पार करतो, त्याच्याकडे चिकाटी असते, धूळ पचवणारी फुफ्फुसं असतात आणि आपण पुढे सरकतोय या समजुतीवर तासन्‌तास तग धरायची ताकद असते. तेव्हा यंदाच्या सर्वसाधारण सभेत टँकरचं बिल, लिफ्टची दुरुस्ती आणि सी विंगची गळती यांच्यानंतर चौथा विषय आला : सोसायटीतर्फे एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेक.

गळतीवरून दोन माणसं सभा सोडून गेली. एव्हरेस्ट मात्र एकमताने मंजूर झालं.

मंजुरीनंतर सी विंगच्या काकांनी विचारलं, “म्हणजे वर जायचं नाही?”

“नाही हो काका. पायथ्यापर्यंतच.”

“मग पायथ्यावरून एव्हरेस्ट दिसतं तरी ना नीट?”

सभेत पाहुणा म्हणून बोलावलेला ट्रेक लीडर पहिल्यांदाच बोलला. तिशीतला मुलगा, नाकाचं साल गेलेलं, स्वर अगदी हळू. म्हणाला, “बेस कॅम्पवरून शिखर दिसत नाही. पश्चिमेकडचा खांदा आणि शेजारचा नुप्त्से आड येतात. शिखर बघायचं तर पहाटे उठून काला पत्थरवर चढावं लागतं, साडेपाच हजार मीटरच्या वर.”

“मग बेस कॅम्पला असतं काय?”

“वसंतात मोहिमांचे तंबू असतात. बाकी हिमनदी, दगड, खडी.”

दगड आणि खडी म्हटल्यावर जुन्या वाघोलीकरांनी एकमेकांकडे पाहिलं. पुण्यातल्या निम्म्या स्लॅबना इथल्या खाणींची खडी गेली असेल. क्रशरची धूळ खात इथे पिढ्या मोठ्या झाल्या. तीच बघायला माणशी लाखाच्या घरात पैसे मोजून ५३६४ मीटरवर जायचं, हे काहींना पटेना. पण तोवर टी-शर्टचा रंग ठरवायला व्हॉट्सॲपवर मतदान सुरू झालं होतं. आपल्याकडे टी-शर्टचं मतदान सुरू झालं की सहल रद्द होत नाही.

मग लीडरने दिवसांचा तक्ता वाटला. काठमांडूहून लुक्ला, लुक्ल्याहून फाकदिंग, नामचे बाजार, तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे, गोरकशेप, बेस कॅम्प. जाऊन-येऊन चालण्याचे बारा दिवस. हा तक्ता खजिनदारांच्या हातात पडला आणि खरी सभा तिथून सुरू झाली. खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या खिशाला लाल पेन असतं आणि समोर कुठलाही कागद आला की ते आपोआप उघडतं.

“नामचेला दोन रात्री कशाला?”

“काका, तो ॲक्लमटायझेशनचा दिवस आहे. शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून.”

“म्हणजे त्या दिवशी चालायचं नाही.”

“चालायचं. ३८८० मीटरपर्यंत वर जायचं आणि झोपायला परत नामचेलाच यायचं, ३४४० वर.”

“थांब. एवढं चढायचं, आणि परत त्याच खोलीत?”

“हो.”

“आणि खोलीचं भाडं?”

“ते तर लागणारच.”

खजिनदारांनी पेनचं टोपण काढलं. “जो दिवस माणसाला पुढे नेत नाही, त्याचं बिल सोसायटी का म्हणून भरेल?” नामचेचा दिवस गेला. पुढे दिंगबोचेला तसाच एक दिवस दबा धरून बसला होता, तोही गेला. काठमांडूचा राखीव दिवस तर ‘पुण्याहून निघतानाच नीट नियोजन केलं की लागणार नाही’ असा शेरा मारून उडवला. एक रविवारही वाचला. चालण्याच्या बारा दिवसांचे दहा झाले आणि टाळ्या पडल्या.

लीडर पोरगा शांतपणे समजावत होता. हवेत प्राणवायूचं प्रमाण तिथेही एकवीस टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब, आणि बेस कॅम्पच्या उंचीला समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा प्राणवायू हाती लागतो. श्वास आपोआप वाढतो, मूत्रपिंडं रक्ताचा तोल सांभाळून घेतात, पण त्याला दिवस लागतात. म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, असं डॉक्टर सांगतात. त्यात व्यायामशाळेचा काही उपयोग नाही. धडधाकट पोरं तर जास्तच अडकतात, कारण त्यांना पटापट पुढे जाता येतं.

“आमच्याकडे सगळे फिट आहेत,” चेअरमन म्हणाले.

हे ‘फिट’ प्रकरण जरा उलगडून सांगायला हवं. मंजुरी मिळाल्या दिवसापासून सोसायटीत जिने चढण्याचा सराव सुरू झाला. दहाव्या मजल्यावरच्या इंजिनीअरसाहेबांनी हिशोब मांडला : लुक्ला २८६० मीटरवर, बेस कॅम्प ५३६४ वर, फरक २५०४ मीटर, एक मजला तीन मीटरचा धरला तर साधारण आठशे पस्तीस मजले. आमची इमारत बारा मजल्यांची. रोज तीनदा चढली की महिन्याभरात एव्हरेस्ट खिशात. अडचण एवढीच आली की सगळे चढायचे जिन्याने आणि उतरायचे लिफ्टने. चार दिवसांत लिफ्ट बसली. मग सराव सक्तीचा झाला आणि त्यात ट्रेकला न जाणारे आजी-आजोबाही तयार झाले.

रविवारी सिंहगड. पहाटे पाचला निघून, पिठलं-भाकरी, कांदा भजी आणि मटक्यातलं दही अशी कडक तयारी करून मंडळी दुपारी परतत. सिंहगडाला नावं ठेवायची माझी छाती नाही. पाय तिथेच तयार होतात. रक्त मात्र होत नाही. सिंहगड साधारण तेराशे मीटर. राज्यात सगळ्यांत उंच कळसूबाई, ती १६४६ मीटर. नामचे बाजार त्याच्या दुपटीहून वर आहे. विरळ हवेची तालीम करायला अख्ख्या महाराष्ट्रात एक इंच जागा नाही. म्हणूनच ती तालीम वाटेतच करावी लागते आणि त्याच तालमीचे दिवस आमच्या लाल पेनाने खाल्ले.

सभेत गोळीचाही विषय निघाला. डायमॉक्स ही गोळी डॉक्टरांना विचारून घेतली तर शरीर लवकर रुळतं, असं लीडर म्हणाला. नाव ऐकताच बी विंगचे काका उठून उभे राहिले. “अरे, ही तर माझ्या काचबिंदूची गोळी!” बरोबर होतं त्यांचं, ती डोळ्यांतला दाब कमी करायलाही देतात. त्या संध्याकाळी काकांच्या घरी गोळी दाखवा म्हणून तिघं येऊन गेले. चौथा पट्टी उसनी मागत होता.

तक्त्यानंतर गाईड. नेपाळने एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड सक्तीचा केला. पण एव्हरेस्टच्या भागातल्या खुंबू पासाङल्हामु गाऊँपालिकेने आपल्या हद्दीत तो राबवायला नकार दिला. वरच्या सरकारने काढलेला नियम गावपालिका बाजूला ठेवते, हे ऐकून २०२१ साली तेवीस गावांपैकी एक म्हणून महापालिकेत ओढल्या गेलेल्या वाघोलीचे जुने रहिवासी भारावून गेले. महापालिकेचा कर येतो आणि पाणी टँकरने, या दुःखावर एव्हरेस्टच्या पायथ्याशी कुणीतरी फुंकर घातली होती. तेवढ्या आनंदात खजिनदारांनी गाईडच्या मजुरीवरही रेघ मारायला घेतली होती. लीडरने पहिल्यांदा आवाज चढवला.

“गाईड राहील. आणि वर गेल्यावर तो किंवा मी फिरा म्हटलं की फिरायचं.”

चेअरमनना हे रुचलं नाही. “असं एका माणसाच्या हाती कसं देता येईल? निर्णय कमिटी घेईल.”

“सर, लोबुचेला, म्हणजे ४९०० च्या वर, एखाद्याचं डोकं दुखायला लागलं, बोलणं अडखळायला लागलं, सरळ रेषेत चालता येईना, तर त्याच्या मेंदूला सूज आलेली असू शकते. त्याला लगेच खाली उतरवायचं असतं. रात्र असली तरी.”

“उतरवू की. सभा बोलावू, ठराव करू.”

“आणि कोरम?” इतका वेळ गप्प असलेले ए विंगचे वकील विचारते झाले. “उपविधीप्रमाणे कोरम नसेल तर अर्धा तास थांबायचं आणि त्याच जागी तहकूब सभा घ्यायची. त्या सभेला कोरमची अट नाही.”

हे सगळ्यांना पटलं. मेंदूला सूज आलेल्या सभासदाला त्या अर्ध्या तासात सभागृहात बसायचा हक्क आहे का, आणि त्याचं मत धरायचं का, यावर थोडी चर्चा झाली. मेंटेनन्स थकलेला नसेल तर धरायचं, असं ठरलं.

सामानाचं प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात ओरड जास्त आणि मजा कमी होती. लुक्ल्याच्या विमानात माणशी पंधरा किलोच चालतं. तिथल्या उतरत्या धावपट्टीची लांबी अवघी ५२७ मीटर. आमच्याकडे सिग्नलची रांगसुद्धा याहून लांब असते. पंधरा किलोंत बाकरवडी, चिवडा, मेतकूट आणि एक इंडक्शन शेगडी धरून बसत नव्हतं. वरचं सगळं भरियाच्या, म्हणजे तिथल्या हमालाच्या, पाठीवर द्यायचं ठरत होतं. दोन ट्रेकरांमागे एक भरिया असतो. त्याच्या पाठीवरचे किलो मोजायला हवेत, हे सांगणारा आवाज सभेत एकच होता, आणि तो आमच्या सोसायटीत महिनोन्‌महिने सिमेंटची पोती उचललेल्या प्लंबरचा होता. तो पाइपलाइनच्या बिलासाठी आलेला. त्याला सांगितलं, विषय पाचमध्ये बोला.

शाकाहार-मांसाहाराचा जुना तंटा मात्र हिमालयाने परस्पर मिटवला. खुंबूत प्राणी मारत नाहीत; मांस खालून पाठीवर लादून वर येतं, किती दिवसांचं ते विचारू नये. डाळ-भात ठरला. डी विंगने निषेध नोंदवला.

पुण्याला या डोंगराचं अप्रूप आहे आणि ते योग्यच आहे. २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली गिरिप्रेमीच्या आठ जणांनी एव्हरेस्ट गाठलं, २०१९ साली याच संस्थेचे दहा जण कांचनगंगावर पोचले. आधी किती वर्षं सह्याद्रीत आणि मग हिमालयात घासली होती त्यांनी, हे त्यांच्या फोटोत दिसत नाही. फोटोत झेंडा दिसतो. म्हणून आमच्या सभेत सर्वांत गंभीर चर्चा फलकावर झाली. सोसायटीचं नाव वर की नगरसेवकपदाच्या इच्छुक उमेदवाराचं? ते फलकाचा खर्च करणार होते. कुणीतरी मिश्कीलपणे म्हणालं की, फोटो काय, घरबसल्याही बनवता येतो. लगेच शांतता. पुणे पोलिस दलातल्या एका जोडप्याने २०१६ साली एव्हरेस्ट चढल्याचा दावा केला होता, दुसऱ्याच्या फोटोत फेरफार करून. नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली आणि इकडे नोकरीही गेली. नोकरी गेली म्हटल्यावर आयटीवाले गोरेमोरे झाले. फोटो खराच काढायचा, हा ठरावही एकमताने.

आता तारीख. एप्रिल-मेमध्ये आकाश बरं असतं, पण मुलांच्या परीक्षा आणि आंबे. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, पण दिवाळी. शिवाय गर्दीच्या दिवसांत लुक्ल्याची विमानं काठमांडूहून न सुटता रामेछापहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडीने जायचं आणि पंधरा-वीस मिनिटं उडायचं. विमानतळाला पोचायला विमानापेक्षा जास्त वेळ लागतो, यात वाघोलीकरांना काही नवल वाटलं नाही. पण झोपमोड नको. खजिनदारांनी शोधून काढलं की जुलैमध्ये दर पडलेले असतात. का पडलेले असतात ते लीडरने सांगितलं : पाऊस, ढग, जळवा आणि दिवस-दिवस रद्द होणारी विमानं. त्यासाठीच तर राखीव दिवस ठेवला होता.

“तो आपण काढला,” खजिनदार समाधानाने म्हणाले.

शेवटी विम्याचा अर्ज आला. त्यात एक रकाना होता : सहा हजार मीटरपर्यंत हेलिकॉप्टरने सुटका, हो की नाही. लीडरने बजावलं की हा रकाना भरायचाच, पण कंटाळा आला म्हणून हेलिकॉप्टर मागवायचं नसतं. गरज नसताना उडवलेल्या हेलिकॉप्टरांचा आणि विमा कंपन्यांना लावलेल्या चुन्याचा घोळ २०१८ साली नेपाळ सरकारच्याच चौकशीत उघड झाला होता. एवढं बोलून तो पाणी प्यायला बाहेर गेला.

खजिनदारांनी हप्ता पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला. लाल पेन आज पहिल्यांदाच बंद झालं. परतीचे चालायचे तीनही दिवस त्यांनी स्वतःच्या हाताने, निळ्या पेनाने काढून टाकले आणि समासात लिहिलं : ‘परत येणे – विम्यातून.’

“फक्त एक विचारून घ्या त्या पोराला,” सी विंगचे काका म्हणाले. “काठमांडूला कशाला उतरवताय? थेट लोहगावला सोडा म्हणावं. किंवा आपल्या गच्चीवरच. नगर रोड टळेल.”

गच्चीवर सोलर पॅनेल आहेत, अशी हरकत बी विंगने घेतली. विषय पुढच्या सभेवर गेला.