384 तोंडांचा डॉक्टर

सराफा ओळी, किराणा ओळी, लोहा ओळी अशी नागपूरच्या इतवारीची वाटणी आहे. ज्या माणसाबद्दल सांगतोय, त्याची वेगळी ओळी अजून झाली नाही, पण होईल. हा म्हणजे शनिवार-रविवारी सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेणारा दातांचा डॉक्टर. वय चाळिशीच्या अलीकडे, पहिल्या मजल्यावर दवाखाना, भिंतीवर बीडीएसची फ्रेम आणि तिच्या शेजारी एमपीएचसाठी आधीच ठोकून ठेवलेला खिळा.

सोमवार ते शुक्रवार हा एकेक दात बघतो. शनिवारी वर्गात त्याला कळतं, की एकेक दात बघून काही होत नसतं, पॉप्युलेशन बघावं लागतं. तेव्हापासून त्याच्या बोलण्यातून माणसं गेली. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही रोजच उशिरा येता," तर हा विचारतो, "रोज म्हणजे? डिनॉमिनेटर काय?" वहिनींनी त्या रात्री पोळ्यांचा न्यूमरेटर कमी केला.

या मंडळींचं कुलदैवत जॉन स्नो. 1854 साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला, तेव्हा कोण कुठलं पाणी पितो ते या गृहस्थाने घरोघर विचारलं, मेलेल्यांचा नकाशा काढला आणि पंपाचा दांडाच काढायला लावला. (साथ तोवर ओसरू लागली होती, हे खुद्द स्नोनेच लिहून ठेवलंय. ते परीक्षेत विचारत नसावेत, कारण आमचा डॉक्टर ते सांगत नाही.) प्रत्येक रोगाचा असा एक पंप असतो, तो शोधायचा. आमच्या डॉक्टरने शोधला. जिन्याखालीच निघाला! खाली सुपारीचं ठोक दुकान, दुकानाला लागून खर्र्याचा ठेला, आणि दुकानाचे सेठ हेच दवाखान्याचे घरमालक.

खर्रा म्हणजे काय, ते विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटघोट घोटायचा, ओलसर तपकिरी झाला की पन्नी बांधून गिऱ्हाईकाच्या हाती. तो गालात ठेवून माणूस जिना चढतो. डॉक्टर म्हणतो, "तोंड उघडा." माणूस म्हणतो, "उघडलंच आहे जी." तीन बोटं उभी जायला पाहिजेत तिथे दीड जातं. सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीने गालाची आतली बाजू पांढरी पडते, आवळत जाते, वरणातली मिरचीही सोसत नाही, आणि पुढे कर्करोगाचं भय. तंबाखूशिवाय नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली छापलं. महाराष्ट्राने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली. इतवारीने दोन्ही बातम्या खर्रा गालात ठेवूनच वाचल्या.

प्रबंधाला 384 तोंडं पाहिजेत. रोग किती जणांत आहे ते माहीत नसलं की पन्नास टक्के धरायचा, पाच टक्के इकडेतिकडे माफ, की सूत्रातून 384 निघतात. माल न मोजताच आकडा ठरतो, याचं सेठना फार कौतुक वाटलं. पण संमतीपत्रावर सही म्हटली की इतवारी मागे सरकते. "सही कायले? जीएसटीचं तं नाही न?" पहिला प्रश्न: तंबाखूचे सेवन करता काय? "नाही जी. तंबाखू कोण खाते? मी तं खर्रा खातो." हा माणूस 'नाही'च्या रकान्यात गेला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी 1881पासून, पिवळी 1885पासून. रोगराई, ईडापिडा सगळी घेऊन जा, असं तिला ओरडून सांगायचं आणि शेवटी तिला जाळायचं. डॉक्टरला यात 'कम्युनिटी पार्टिसिपेशन' दिसलं आणि तो फॉर्मांचा गठ्ठा घेऊन गर्दीत शिरला. नेहरू पुतळ्यापाशी दोन्ही मारबती समोरासमोर आल्या, त्या रेट्यात गठ्ठा गेला. जे थोडे परत आले, त्यांतल्या एकावर नाल्याची तक्रार होती.

मग एकदा धीर करून त्याने सेठना पंपाची गोष्ट सांगितली. सेठांनी पूर्ण ऐकली. म्हणाले, "तो साहेब तिथं किरायानं राहे, का स्वतःच्या घरी?"

थट्टा सोडा. पूर्वी हा दात काढून पैसे घेऊन मोकळा व्हायचा. आता शाळकरी पोरगं आलं तरी गालातून बोट फिरवतो, पांढरा पट्टा लागला की बापाला वर बोलावून अर्धा तास समजावतो. त्याची फी घेत नाही. दवाखान्याचं उत्पन्न खाली आलंय, हे वहिनी डिनॉमिनेटरसकट सांगतात.

अजून 40-45 तोंडं कमी पडताहेत. सराफ्यात खरेदीला आलात तर जिना चढा, बिनधास्त सही करा, जीएसटीचं काही नाही. आणि पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना खर्रा तंबाखूत धरा.