भरवशाची गाडी

पवईतल्या आमच्या इमारतीत माणसं आडनावापेक्षा खुणेने ओळखली जातात. कुत्रेवाले, तबलेवाले, टेरेसच्या किल्लीवाले आणि लेहवाले. लेहवाल्यांना हे नाव पडून वीस वर्षं झाली. ते अजून एकदाही लेहला गेलेले नाहीत.

जायचं मात्र पक्कं आहे. मोटरसायकलवरून, मनालीमार्गे. मुक्काम ठरलेत, थर्मास ठरलाय, खारदुंग ला खिंडीत कुठे उभं राहून फोटो काढायचा तेही ठरलंय. तिथल्या फलकावर उंची १८,३८० फूट लिहिली आहे, पण खरी १७,५८२च्या आसपास भरते, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. म्हणजे घरबसल्या या माणसाने खारदुंग ला आठशे फूट खाली आणला. आता फक्त गाडी घ्यायची राहिली आहे.

"गाडी भरवशाची पाहिजे," ते म्हणतात. "रोहतांगच्या पलीकडे बंद पडली तर तिथे काय चांदिवलीतला मेकॅनिक येणार आहे?" भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, ही म्हण आपण एकदा वापरतो आणि विसरतो. लेहवाले तिच्यावर आयुष्य काढतायत.

पहिली पसंती २००३ सालची, करिझ्मा. दोनशे तेवीस सीसी! पण हँडलकडे जरा झुकून बसावं लागतं, म्हणजे चंदीगडपर्यंत पाठ आणि तिथून पुढे बाम. रद्द. मग अ‍ॅव्हेंजर. बसायला आरामखुर्ची, पण बुटकी. नाल्यातले दगड पोटाला लागतील. रद्द. बुलेटवर तर त्यांनी एका वाक्यात पडदा टाकला. "बुलेट घेतली की माणूस बुलेटवाला होतो, लेहवाला राहत नाही."

२०१६ साली हिमालयन आली तेव्हा इमारतीला वाटलं, सुटलो. गाडीच्या नावातच हिमालय, टाकी पंधरा लिटरची, आणखी काय हवं? वहिनींनी शेजारी सांगूनसुद्धा टाकलं. लेहवाले शोरूममधून परत आले ते एक सिद्धांत घेऊन. "पहिल्या वर्षीची गाडी घ्यायची नसते. कंपनी आपल्यावर शिकते." हे पटण्यासारखं होतं. दुसऱ्या वर्षी म्हणाले, "थोडं थांबू, सुधारित येईल." २०२० साली बीएस-६ आलं. २०२३च्या नोव्हेंबरात सगळं इंजिनच बदलून साडेचारशे सीसीची नवी हिमालयन आली, आणि लेहवाले विजयी मुद्रेने खाली बागेत उतरले. "बघा! थांबलो म्हणून वाचलो." मग ती लगेच का नाही घेतली? कारण ती पहिल्या वर्षीची होती.

मध्ये केटीएमची अ‍ॅडव्हेंचर बघून झाली. सीटची उंची ८५५ मिलिमीटर. लेहवाल्यांची स्वतःची पाच फूट चार इंच. शोरूमचा पोरगा म्हणाला, "सर, चवड्यांवर सवय होते." यांनी शिंप्याकडे जाऊन पायाचं आतलं माप घेतलं. शिंप्याने विचारलं, "पँट कधी हवी?"

त्यांच्या ज्ञानाची चेष्टा मात्र करू नये. ते अस्सल आहे. उंचावर हवा विरळ होते, कार्बोरेटर मात्र पेट्रोल ठरल्यापेक्षा फारसं कमी करत नाही, म्हणून गाडी गुदमरते आणि धूर सोडते. फ्युएल इंजेक्शन हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल कमी करतं. आरेवाल्या चाकात बहुधा ट्यूब असते, पंक्चर झालं की अख्खं चाक उतरवा. पण बिनआऱ्यांचं अलॉयचं चाक दगडावर आपटून चिरलं तर ते ठोकून सरळ करता येत नाही. वाटेतल्या तांडीच्या पंपावरचा फलक प्रसिद्धच आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तेरा लिटरची टाकी, लिटरला तीस, म्हणजे ३९०. "उरले पंचवीस. पंचवीस किलोमीटरवर माझा भरवसा नाही."

या सगळ्याचा एक तक्ता आहे, एक्सेलमध्ये, सत्तावीस रकान्यांचा. शेवटचा रकाना किमतीचा. तो पुरा होत आला होता, तेवढ्यात २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटी बदलला. साडेतीनशे सीसीपर्यंत १८ टक्के, त्याच्या वर ४०. लेहवाल्यांनी दिवाळी त्या रकान्यात काढली.

त्यात मुंबईतून निघायची पंचाईत वेगळीच. पुण्याच्या द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवरही बंदी. "आपण भरवशाची गाडी शोधतो," ते म्हणतात, "आणि सरकारचा दुचाकीवर भरवसाच नाही!"

मागच्या श्रावणात त्यांच्या घरचा पंखा दुरुस्त करायला आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन आला. तो गणपतीला दरवर्षी स्प्लेंडरवरून कणकवलीला जातो. पुढे टाकीवर पोरगा, मागे बायको, बायकोच्या मांडीवर मखराचं सामान. साडेचारशे किलोमीटर, भर पावसात, मुंबई-गोवा महामार्गावरून! लेहवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली. क्लचची जादा केबल नेतोस? पंक्चरचं किट? बंद पडली तर?

तो स्टुलावरूनच म्हणाला, "काका, बंद पडली तर वाटेर मेकॅनिक आसा. मेकॅनिक नाय तर माणूस आसा."

त्या संध्याकाळी लेहवाले बागेत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले ते कागद घेऊन. स्प्लेंडरची टाकी पावणेदहा लिटरच्या आसपास, लिटरला साठ धरले तर पावणेसहाशेहून जास्त किलोमीटर. "तांडीनंतर पुरते हो," ते हळूच म्हणाले. चेहरा पडलेला. सीट बुटकी, पाय टेकतात. वजन हलकं, आडवी झाली तर एकट्याने उचलता येईल. सुटे भाग गावोगावी. १९९४पासून बाजारात आहे, म्हणजे पहिल्या वर्षीचा सिद्धांतही लागू नाही. सत्तावीस रकान्यांनी मिळून म्हाताऱ्याला कोपऱ्यात गाठलं होतं. चढावर दम लागेल एवढी एकच तक्रार उरली, पण दम तर त्यांनाही लागतो.

आम्ही श्वास रोखून बसलो. लेहवाल्यांनी कागदाची घडी घातली.

"तीस वर्षं एकच गाडी विकतायत," ते म्हणाले, "म्हणजे आता बंद करायला आले असणार. मग स्पेअर पार्टचं काय?"

काल ते अ‍ॅक्टिव्हावरून ठाण्याला एक नवीन मॉडेल बघायला निघाले होते. ही अ‍ॅक्टिव्हा त्यांनी वहिनींसाठी म्हणून एका दुपारी, काहीही न बघता घेतली होती. जेव्हीएलआरवर मेट्रो ६च्या खांबांखाली, अंधेरी, वाशी, कल्याणच्या शोरूमांपर्यंत, तिने त्यांना कधी दगा दिलेला नाही. सिग्नलला शेजारी थांबलो तेव्हा मी तिचा काटा पाहिला. ६१ हजार किलोमीटर. पवई ते लेह जाऊन-येऊन पाच हजार धरले तर लेहवाल्यांच्या बारा वाऱ्या झालेल्या आहेत.