कॅलरीकाका

सोसायटीतल्या पोरांनी त्यांचं नाव कॅलरीकाका ठेवलं आणि काकांनी ते पदवीसारखं मिरवलं. ते डाएट सुरू करतात ते ऐन वसुबारसेला. ‘एवढे चार दिवस जाऊ द्या की,’ असं कुणी म्हणालंच तर उत्तर तयार असतं: ‘श्रावणात कुणीही खाणं सोडील हो. कस लागतो तो दिवाळीत!’

अभ्यास मात्र दांडगा. एक ग्रॅम साखरेत चार कॅलरी, एक ग्रॅम तेलात नऊ, हे कोथरूडमधल्या प्रत्येक फराळाच्या घरी पहिल्या घासाआधी सांगून होतं. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटीमीटरच्या आत हवा, हे ते सदऱ्याचं खालचं बटण सोडत सांगतात. मग घरातल्या बाईंची उलटतपासणी. ‘चकलीला मोहन किती घातलंत? करंजीला रवा की मैदा?’ बाई बिचाऱ्या गोऱ्यामोऱ्या होतात. तोवर काकांची चौथी चकली संपत आलेली असते.

त्यांच्यापुढे आलेला कुठलाही पदार्थ अखेर निर्दोष सुटतो. अनारसा एकाच बाजूने तळतात, म्हणजे तेल निम्मं. बेसनाचा लाडू म्हणजे डाळ, म्हणजेच प्रोटीन. करंजी ते अर्धीच घेतात; उरलेली अर्धी बशीत दिसली की ‘उष्टं टाकू नये’ हा संस्कार जागा होतो. चिवड्याची वाटी आली की चष्मा कपाळावर चढतो. ‘कार्ब्ज,’ म्हणत पोहे बोटाने कडेला सारायचे आणि शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, काजू एकेक करून टिपायचे. पाडव्यापर्यंत घरच्या डब्यात पोहे आणि कढीपत्ता एवढंच उरतं. तो डबा काकू पाहुण्यांपुढे आणत नाहीत.

मध्यंतरी ‘दीक्षित की दिवेकर’ यावर घराघरांत वाद रंगले, तेव्हा काका दोन्ही पक्षांत गेले. ऋजुता दिवेकरांचं त्यांनी ‘आपल्या मातीतलं, हंगामातलं खा, तुपाला भिऊ नका’ एवढं उचललं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची उचलली ती एका जेवणाची 55 मिनिटं. दिवसातून दोनदाच जेवा, हे तेवढं ऐकायचं राहून गेलं. त्यामुळे दिवाळीत तिसऱ्या मजल्यावरची 55 मिनिटं संपली की दुसऱ्या मजल्यावरची सुरू होतात. घर बदललं की घड्याळ नवं.

राहता राहिला वजनकाटा. नरकचतुर्दशीला तो पुढे गेला, तर अभ्यंगाचं तेल अंगात मुरलेलं होतं. लक्ष्मीपूजनाला फरशीला उतार निघाला. भाऊबीजेला काकांनी काट्यातले सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घातले.

ते परत काट्यात गेले तुळशीच्या लग्नानंतर, तेही काकूंच्या हातून. काका दोन किलोंनी वाढले होते. काकू दोन किलोंनी उतरल्या होत्या. भाजणी भाजून, माळे झाडून, आल्यागेल्याचं करून, दुपारची जेवणं उभ्याउभ्या उरकून, एकही कॅलरी न मोजता.

काका क्षणभरच गप्प झाले. मग म्हणाले, ‘म्हणजे आपल्या घराचं एकूण वजन या दिवाळीत वाढलेलं नाही. नियोजन लागतं त्याला!’

‘मग पुढच्या वर्षी सोऱ्या तुम्ही फिरवा,’ काकू म्हणाल्या.

‘फिरवला असता गं,’ काका म्हणाले, ‘पण बसल्या कामात कॅलरी जळत नाहीत.’