काकूंच्या नावाचा बडग्या

“काकू, रद्दी विकणार असाल तर इकडेच द्या. पोट्टे बडग्या करून राहिले. परवा मारबत नं!”

“मोठे बडगे निघतातच की आपल्या नागपुरात, महाल-इतवारीत. पिवळी मारबत तर १८८५ पासून निघते म्हणतात. त्यात तुझ्या पोट्ट्यांची काय भर?”

“तिकडचे बडगे म्हणजे महागाईचे, भ्रष्टाचाराचे पुतळे, मिरवून जाळायचे. आमची भानगड वेगळीच. धाकटा रात्री मोरीकडे जायला घाबरतो. म्हणे तिथं कोणीतरी बसलंय. म्हटलं, कसं दिसतं ते करून दाखव बरं!”

“अन् केलं?”

“केलं नं! किराण्याची खाकी पिशवी, आत पेपरचे बोळे. डोळे तीन, तिन्ही तीन दिशांना. तोंड मी शिकवलं. जाड कागद मधोमध दुमडायचा, घडीवर कात्रीनं एक चीर द्यायची. चिरेच्या दोन्ही कडा तिरक्या दुमडून घ्यायच्या, मग कागद उघडून त्या आत ढकलायच्या. कागद उघडमीट केला की तोंड आ वासतं. हातांसाठी दोन पट्ट्या काटकोनात चिकटवायच्या अन् एकीवर एक घड्या घालत जायच्या. ओढून सोडलं की हात आखडतो!”

“खळ घरचीच का?”

“मैद्याची. मोरचूद नाही घातलं हो. कीड लागू नये म्हणून बाइंडिंगवाले घालतात, पण ते विष. अन् आमचं ध्यान खळ चाटूनच पाहतं.”

“समोरच्या सुनेनं म्हणे तयार किट आणलं. पोरगं झोपलं अन् ही रात्री बारापर्यंत चिकटवत बसली.”

“झकास झालाय तो राक्षस, पण पोरगं त्याला हात लावत नाही. माझेही हात शिवशिवत होते हो, एक तरी डोळा सरळ करावा म्हणून! पण गप बसले. चार वर्षांच्या पोराला कात्रीपेक्षा फाडणं जमतं, तर फाडू दिलं. ज्या चिंध्या झाल्या, त्याच बडग्याच्या जटा.”

“मग भीती पळाली का?”

“एवढ्यात कुठली! पण काल रात्री बडग्याला काखेत मारून गेला, मोरीच्या दाराशी उभा केला अन् दरडावलं, ‘इथंच थांब, हलायचं नाही.’ भूतच पहाऱ्याला बसवलं!”

“अन् परवा त्यालाच जाळणार?”

“तेच तर! जाळायचं म्हटल्यावर घर डोक्यावर घेतलं. मग ठरलं, हा घरी राहील, जाळायला दुसरा करायचा. त्याचं नावही ठेवून झालं.”

“काय?”

“रागवायचं नाही हं. ‘दुपारी ओरडू नका रे’.”

“अगं बाई, म्हणजे मीच की! जाळा मग. पण चष्मा घाला हो त्याला, नाहीतर वस्तीत ओळखणार कोण?”