सांगवीच्या कॉम्प्युटरवाल्याने कसे वागावे

बारामतीहून फलटणकडे निघालं की नीरा नदी ओलांडायच्या आधी सांगवी लागते. या गावात संगणक आणि मोबाईल सांभाळायचा धंदा मांडू पाहणाऱ्या होतकरू तरुणासाठी पुढचं मार्गदर्शन आहे. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र असेल तर खुशाल भिंतीवर टांगा. पोपडा झाकायला ते बरं पडतं.

सुरुवात भाषेपासून करावी. ‘मी काहीच केलं नाही, आपोआप झालं’ याचा अर्थ नातवाने केलं. ‘कालपर्यंत झ्याक चालत होता’ म्हणजे दिवाळीपासून बंद आहे. ‘नेट चालंना’ म्हणजे रिचार्ज संपलाय. ‘हँग झालाय’ ऐकलं तर मात्र अर्थ लावत बसू नये, फोन आधी हातात घ्यावा. बहुतेकदा आत नऊ हजार सुप्रभात साठलेले असतात. स्टोरेजमध्ये जाऊन ते उडवावेत. पण गॅलरी उघडताना नजर भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे ठेवावी. गावात राहायचंय.

सीपीयू उघडायचा तो तोंडाला रुमाल बांधून. गळीत हंगाम सुरू झाला की तोडलेल्या फडात पाचट पेटतं आणि त्याची काळी काजळी पंख्याच्या वाटेने थेट मदरबोर्डावर जाऊन बसते. ब्लोअर मारला की आधी ती उडते, मग एक वाळकी पाल. एवढं करूनही मशीन नुसतंच बीप-बीप करत असेल तर रॅम काढावी, तिची सोनेरी कड शाळेतल्या खोडरबराने हलकेच घासावी आणि परत बसवावी. दहातली सात मशिनं उठतात. हे करताना गिऱ्हाइकाला चहा आणायला पाठवावं. खोडरबर दिसला की पैसे बुडाले. थ्री फेजची लाईट आली की शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज झोकांड्या खातं, म्हणून यूपीएस घ्यायला लावावा. कुणी घेत नाही, पण आपण सांगितलं होतं हे नंतर ऐकवता येतं.

खरं कौशल्य अंगठ्यात आहे. सात-बारावर तलाठ्याची डिजिटल सही २०१८ साली आली, त्यामुळे तलाठ्यामागे हिंडणं कमी झालं. आता सरकारला शेतकऱ्याचाच अंगठा लागतो, आणि चाळीस वर्षं खुरपं धरलेल्या हाताला रेघा उरलेल्या नसतात. मशीन लाल दिवा दाखवतं. अशा वेळी आधी काच पुसावी, मग बोट पुसावं, तरीही घेत नसेल तर ‘मावशी, बोट जरा डोक्यावरून फिरवा’ म्हणावं. केसांच्या तेलाने जे होतं ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं नाही.

पीएम किसानसाठी २०२३ पासून नुसता चेहरा दाखवूनही ई-केवायसी होते, पण तिथे पापण्या मिटून उघडाव्या लागतात. सत्तरीच्या मावशींना मी भर दुकानात ‘डोळे मिचकवा’ म्हणालो. ‘या वयात डोळा मारायला सांगतोस व्हय रं मुडद्या,’ म्हणून त्यांनी पिशवी उचलली. तेव्हापासून मी ‘डोळ्यात कचरा गेल्यागत करा’ असं म्हणतो.

यानंतर ओटीपी. आधारला जोडलेला नंबर थोरल्या मुलाचा असतो, आणि थोरला मुलगा हिंजवडीत आयटीत असतो. तो मीटिंगमध्ये असतो. ओटीपी मोजक्या मिनिटांत मरतो. त्याच्या घरचा प्रिंटरही आपणच चालू केलेला असतो, कारण त्याने फोनवरून ‘बंद करून चालू करा’ एवढाच सल्ला दिलेला असतो. सल्ला बरोबर आहे, पण त्याचे पैसे त्याला मिळतात.

ई-पीक पाहणीला, म्हणजे २०२१ पासून जी शेतकऱ्याने स्वतःच मोबाईलवर करायची असते तिला, माणसाबरोबर रानात जावं लागतं. आपल्याच गटात उभं राहून फोटो काढायचा असतो. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत रेंज नाही, आणि बांधावर आलं की ॲप म्हणतं तुम्ही शेजाऱ्याच्या गटात आहात. हे मोठ्याने वाचून दाखवू नये. त्या बांधावरून दोन पिढ्यांचा दावा चालू असतो. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेला यांनी बारामतीच्या एआयवरच्या उसाचं जगाला कौतुक सांगितलं. ते खरंच आहे, प्रयोग झालाय. आम्ही त्याच तालुक्यात फोन डोक्यावर धरून रेंज शोधत होतो, हेही खरं आहे.

ग्रुपवर शेतकरी योजनेच्या नावाने ‘एपीके’ लिहिलेली फाईल आली तर ती उघडू नका, हे मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगावं. कुणी उघडलीच तर आधी नेट बंद करावं, मग १९३० ला आणि बँकेला फोन करावा. रागवायला नंतर वेळ असतो.

राहता राहिली मजुरी. ‘कारखान्याचं बिल आलं की देतो’ ही इथली रीत आहे. मधल्या काळात वांगी आणि दूध येतं. एकच पथ्य पाळावं, काम लवकर करू नये. परवा रात्री आबा आले. चार दिवस फोनचा आवाज गेलेला, ‘स्पीकर फुटला असंल.’ फोन सायलेंटवर होता. मी तो आत नेला, पाणी प्यालो, पाठीमागून दोनदा फुंकर मारली आणि दहा मिनिटांनी बाहेर आणला. आबांनी पन्नासची नोट काढली, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून हिंजवडी ओरडत होती, चार दिवस फोन का उचलत नाही म्हणून.

‘आरं, मोठा बिघाड हुता,’ आबा म्हणाले. ‘खोलून नीट करून घेतला. तुला जमलं नसतं.’