नावाची भांडी

प्रत्येक घराण्यात एक आत्या अशी असते, की तिच्याकडे जेवायला बसलं की वाटीतली आमटी संपवून आधी बूड वाचून दाखवावं लागतं. आमच्या आत्याचं लग्न १९७४चं. कपाटात अंतरपाट आहे, मुंडावळ्या आहेत, रुखवतातलं मण्यांचं तोरणही आहे. पण त्या सगळ्याला ती 'फडकी' म्हणते. तिचा खरा जीव नाव घातलेल्या स्टीलच्या भांड्यांत.

"ताम्हणातल्या तांदळात ह्यांनी अंगठीनं लिहिलेलं नाव दुसऱ्या दिवशी भातात गेलं. स्टीलवरचं जातंय का बघ!"

पूर्वी नाव घालणारा पायरीवर बसून छिन्नीनं टकटक करत ठिपक्याठिपक्यांची अक्षरं काढायचा. पैसे अक्षरामागे. त्यामुळे देणाऱ्याचा हातही भांड्यावर उमटायचा. थोरल्या मामांनी पातेल्यावर अख्खी वंशावळ घातलीय, धाकटे तांब्यावर 'स. भे.' टाकून मोकळे. एका परातीवर मात्रा राहून 'सप्रेम'चं 'सप्रम' झालंय. त्या घराशी गेली तीस वर्षं बोलणं नाही. "तेव्हाच ओळखायला हवं होतं," म्हणत आत्या त्याच परातीत कणीक मळते, जरा जास्तच जोर लावून.

तिच्याकडून चिवड्याचा डबा आला की माझ्या पोटात गोळा येतो. चौथ्या दिवशी फोन : "चिवडा मऊ नाही ना पडला?" म्हणजे, डबा कुठाय? तोही रिकामा परत द्यायचा नाही. एकदा घाईत भलताच डबा गेला. आत्यानं चष्मासुद्धा लावला नाही. झाकणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हा कुणाच्या तरी मुंजीतला. मशीनचं अक्षर आहे."

२०२४ साली लग्नाला पन्नास वर्षं झाली. आम्ही भाचरांनी दोघांचा फोटो छापलेले मग दिले. आत्यानं ते उलटेसुलटे करून पाहिले. आता त्यांत चमचे असतात.

काकांनी मात्र न सांगता बाजारात जाऊन एक फुलपात्र आणलं होतं. त्यावर तिचं नाव, तारीख आणि 'सप्रेम भेट', एकही अक्षर न वाचवता. आत्यानं अंगठा फिरवला. मात्रेवर थांबली.

"मशीनचं आहे," ती म्हणाली, आणि फुलपात्र अंतरपाटाच्या घडीत ठेवून कपाटाला किल्ली लावली.